परदेशी पत्रमैत्री आणि आपली मायबोली

(पिंपळी येथील ज्ञातिमेळाव्यात व गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून दरसाल स्पर्धा-परीक्षा, कर्जयोजना, वधूवर-परिचय अशा उपयुक्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने होत असतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून चाळीस वर्षे मुलांस वाचावयास व लिहावयास शिकविलेले साधे शिक्षक. तेव्हा लिहिण्यासंबंधी बोलणे हेच आम्हांस शोभेल. परदेशातील अनोळखी माणसाशी साहित्याच्या व भाषेच्या आवडीतून पत्राने मैत्री जोडणे, हा आजचा आमचा विषय आहे.

हा विषय काही मंडळींस चैनीचा वाटेल. शिवणाचे दुकान तयार कपड्यांच्या व्यापारापुढे कसे तगवावे याची ज्यास विवंचना, त्यास परदेशच्या पत्रांचे काय कौतुक? त्यांचे म्हणणे आम्हांस समजते. तथापि आज सकाळी सत्कारास आलेल्या मुलामुलींशी आम्ही सहज बोलत बसलो होतो. नव्वदांच्या वर टक्के मिळविलेली ही गुणी मुले. त्यांस विचारले, "स्वतःच्या मनाने कोणास पत्र लिहिले आहे काय?" एकानेही होय म्हटले नाही. मराठीत लिहावयाचे तर त्यांस ते कमीपणाचे वाटते, आणि इंग्रजीत लिहावयाचे तर चुकण्याची भीती वाटते. ना धड ही भाषा, ना धड ती. या कोंडीतून मुलांस बाहेर काढण्याचा एक मार्ग आमच्या अनुभवाचा आहे, आणि तो खर्चाचाही नाही.

पत्राने काय घडू शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे होय. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री एवढे त्यांच्याविषयी सर्वांस ठाऊक असते. परंतु या साऱ्याचे मूळ एका अनोळखी बाईच्या पत्रात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात कारकून होते. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा करणारे पत्र त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यास धाडले. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास होते. त्यांनी ते पत्र अमेरिकेतील आपल्या मासिकात छापले. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो जुना अंक त्यांच्या हाती आला. त्यांनी ते पत्र वाचले, आणि ना ओळख ना देख अशा पंधरा वर्षांच्या मराठी मुलीस त्यांनी पत्र लिहिले.

त्यानंतर तीन वर्षे ही पत्रे चालली. त्यांत घरच्या रीतीभाती आहेत, धर्म आहे, बालविवाह आहे, स्त्रियांची दशा आहे. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची इंग्रजी ही बहुतांशी पतीच्या धाकात शिकलेली. ती निर्दोष नसेल, पण तिच्यात सांगण्यासारखे काही होते, म्हणून ती सातासमुद्रांपलीकडे पोहोचली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा उतरून घ्यावयास त्या पत्रातल्या मावशीच उभ्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि त्या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे, त्यांस जागा दिली. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही. नाते जडले ते पत्रांनी. गोपाळरावांच्या तापट स्वभावाविषयी बरेवाईट पुष्कळ बोलले जाते आणि त्यातले बरेचसे खरेही आहे. परंतु पाकिटावर पत्ता नीट लिहिला की ते पोहोचते, हा टपाल कारकुनाचा विश्वास त्यांच्यापाशी होता.

पत्र पोहोचते याचे श्रेय एका फारशा न गाजलेल्या कराराकडे जाते. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस राष्ट्रांनी एकत्र येऊन टपालसंघ स्थापिला. त्यापूर्वी परदेशच्या पत्रास वाटेतील प्रत्येक राष्ट्राचा निराळा आकार पडे, आणि तो ठरविताना पोस्टमास्तरासही घाम फुटे. करारानंतर पाठविणाऱ्याने आपल्या देशाचे तिकीट लावावे आणि बाकीच्यांनी पत्र बिनतक्रार पुढे न्यावे, असा नियम झाला. हिंदुस्थान त्या संघात १८७६ च्या जुलैत आला. म्हणजे कार्पेंटरबाईंनी लेखणी उचलली त्याच्या अवघी चार वर्षे आधी ही वाट मोकळी झाली होती. कराराचा दिवस ९ ऑक्टोबर, आणि म्हणून त्या दिवशी जगभर टपाल दिन पाळतात.

भाषेच्या निमित्ताने पत्रमैत्री जोडण्याचा एक मोठा प्रयोग पोलंडमधील झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी केला. सर्व राष्ट्रांस सारखीच परकी व म्हणून सारखीच आपली अशी एस्पेरान्तो भाषा त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. नंतर त्यांनी काय करावे? १८८९ मध्ये ती भाषा शिकलेल्या पहिल्या हजार माणसांचे पत्ते त्यांनी छापून काढले. भाषा बोलावयास माणूस लागतो आणि माणूस गाठावयास पत्ता लागतो, हे त्यांनी ओळखले होते. एस्पेरान्तो जगाची भाषा झाली नाही हे खरे, पण तिच्यावाचून ज्यांची गाठ कधीच पडली नसती अशा कितीतरी लोकांची मैत्री तिने जुळविली.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. १९७७ साली आम्ही अध्यापक विद्यालयात शिकत असता फिनलंड देशातील तुर्कू या शहरी चालणाऱ्या इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस या संस्थेचा छापील तक्ता आमच्या हाती आला. ही संस्था १९५२ पासून देशोदेशींच्या तरुणांची पत्रमैत्री जुळवून देई. २००८ मध्ये तिचे काम थांबले. तक्त्यात वय, येणाऱ्या भाषा आणि आवडी भरावयाच्या व नाममात्र शुल्क धाडावयाचे. आम्ही आवडीच्या रकान्यात 'वाचन आणि भाषा' असे लिहिले. क्रिकेट लिहिले असते तर बहुधा ऑस्ट्रेलियात मित्र मिळाला असता. मिळाला तो फिनलंडमध्येच, आमच्यासारखाच शिक्षक होऊ पाहणारा एक तरुण. ते आज हयात नाहीत आणि त्यांचे कुटुंबीय खासगी जीवन जगतात, म्हणून नाव सांगत नाही. ही पत्रमैत्री सदतीस वर्षे टिकली. आम्ही दोघे एकमेकांस कधीही भेटलो नाही.

पहिल्या पत्राचे उत्तर लिहावयास आम्हांस अकरा दिवस लागले. शब्दकोश उशाला घेऊन बसलो आणि प्रत्येक वाक्य तीनदा खोडले. दुसऱ्या पत्रात मित्राने लिहिले की त्यांसही इंग्रजी शाळेतच शिकावी लागली, घरी ते फिनिश बोलतात, आणि आमचे पत्र येण्यापूर्वी हिंदुस्थानातील माणूस आपल्याहून फार चांगले इंग्रजी लिहील या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. विद्यार्थी मित्रहो, हे नीट लक्षात घ्या. जगात इंग्रजी लिहिणारे पुष्कळ लोक आपल्याइतकेच परके आहेत. दोघांच्या मध्ये असलेला तो साकव आहे. त्यावरून पलीकडे जावयाचे असते, त्यावर घर बांधावयाचे नसते.

साकवाच्या पलीकडे गेल्यावर मग खरी मौज सुरू झाली. मित्राने लिहिले की फिनिश भाषेत घराला 'तालो' म्हणतात, घरात म्हणजे 'तालोस्सा', घरातून म्हणजे 'तालोस्ता'. आम्ही उडालोच. घर, घरात, घरातून! इंग्रजीत ज्यासाठी निराळे शब्द मांडावे लागतात, ते आमच्याप्रमाणेच त्यांच्याकडेही नामाच्या शेपटीस चिकटते. त्यांच्या भाषेत अशी पंधरा रूपे मोजतात. मुलांस विभक्ती शिकविताना आम्ही पुढे हे उदाहरण नेहमी देत असू आणि मुलांस मोठा आनंद होई. नात्यांचेही तसेच. इंग्रजांस काका काय आणि मामा काय, दोघेही अंकल. फिनिश भाषेत मात्र काकास 'सेतॅ' आणि मामास 'एनो' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. उलट लिंगाच्या बाबतीत ते आमच्यावर फार रागावले. त्यांच्याकडे 'तो' आणि 'ती' यांसही एकच सर्वनाम चालते. त्यांनी विचारले की निर्जीव टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी हे तुम्हांस कोणी सांगितले? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सदतीस वर्षांत आम्हांस देता आले नाही.

म्हणींची देवघेव तर फार रंगली. 'ओमा तुपा, ओमा लुपा' ही त्यांची म्हण. आपली झोपडी, आपली मुभा, असा तिचा अर्थ. याच अर्थाची आपल्याकडे जी म्हण आहे ती माता-भगिनींसमोर सभेत उच्चारण्याजोगी नाही. मित्रास मात्र आम्ही ती अर्थासह कळविली, आणि ती आपल्याहून सरस असल्याचे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

परंतु ज्या पत्राने आमचे डोळे उघडले ते निराळेच. १९८१ च्या सुमारास त्यांनी आपल्या 'कालेवाला' या महाकाव्याविषयी सविस्तर लिहिले. फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता आणि शिकलेल्या लोकांची भाषा होती स्वीडिश. फिनिश ही कुणब्यांची, गुराख्यांची बोली. तीत लिहिण्यासारखे काय असणार, अशी मोठमोठ्यांची समजूत. एलियास लोनरोट नावाच्या एका डॉक्टरांनी पायपीट करून खेड्यापाड्यांतील गायकांच्या तोंडची गाणी उतरून घेतली, ती एकत्र गुंफली, आणि १८३५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४९ च्या वाढविलेल्या आवृत्तीत पन्नास सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत. पुढे १८६३ मध्ये त्या कुणबी बोलीस कारभारात स्थान देण्याचा हुकूम निघाला. २८ फेब्रुवारी हा कालेवाला दिवस त्या देशात आजही साजरा होतो. एवढे लिहून पत्राच्या शेवटी मित्राने विचारले: तुमच्या गावी स्त्रिया दळताना काय गातात? आमच्याकडे पूर्वी हातजाती होती, पण आता ती गाणी म्हणणारे कोणी उरले नाही.

आम्ही या प्रश्नापाशी थांबलो. आमच्या मातोश्री पहाटे जात्यावर बसत, आणि त्या ओव्यांच्या आवाजातच आमचे बालपण गेले. पण त्या ओव्यांत काय शब्द आहेत हे आम्ही कधी कानांनी ऐकले नव्हते, लिहून घेण्याची गोष्ट तर दूरच. शाळेत कविता शिकवीत होतो, आणि कविता घरी पिठाबरोबर सांडत होती. आम्ही वही घेऊन मातोश्रींसमोर बसलो. त्या म्हणाल्या, "जात्यावाचून आठवत न्हाई रं." तेव्हा घरी पिठाची गिरणीच वापरात होती. जाते माळ्यावरून काढून टाकी लावून घेतले, ओंजळभर ज्वारी घातली, आणि मग एकामागून एक ओव्या येऊ लागल्या. तीन उन्हाळ्यांच्या सुट्यांत एकशे बेचाळीस ओव्या लिहून झाल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊराया आहे, सासुरवास आहे, आणि नीरेच्या कालव्याचे पाणी शेतात आले तेव्हाचीही एक ओवी आहे. मातोश्री १९८८ मध्ये निवर्तल्या. ती वही राहिली. एका फिनिश माणसाने प्रश्न केला नसता तर ती राहिली नसती.

आमचे हे काम अगदी लहान. सानेगुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये ओव्यांचा संग्रह पूर्वीच केला होता, आणि हेमा राईरकर व मूळचे फ्रेंच असलेले गी पोआतव्हँ यांनी पुण्यास राहून खेडोपाडीच्या स्त्रियांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. येथेही परका डोळा आहे हे आपण पाहावे. जे रोज कानावर पडते ते आपणांस ऐकू येत नाही. नवखा माणूस थांबून विचारतो, तेव्हा ऐकू येते. नीरा ओलांडली की फलटण. तेथे मराठी बोलीच्या अभ्यासासाठी मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६६ मध्ये आल्या, १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि मराठी माध्यमाची शाळा उभी करून राहिल्या. आमच्यातील पुष्कळ पालक मुलांस मराठी शाळेतून काढीत होते, तेव्हा ही बाई मुलांनी आधी मायबोलीत वाचावे म्हणून झटत होती.

आणि आता आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. मित्राने एकदा विचारले की तुम्ही शिवणकाम करणाऱ्या लोकांत जन्मलात, तुमच्या लोकांत कोणी कवी झाला काय? आम्ही मोठ्या अभिमानाने नामदेवरायांविषयी चार पाने लिहिली. पंढरपूर, पायरी, जनाबाई, पंजाबातील घुमान, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात असलेली त्यांची एकसष्ट पदे. दोन महिन्यांनी उत्तर आले. मित्राने ग्रंथालयातून मॅकॉलिफ या आयरिश गृहस्थांचा शीख धर्मावरील सहा खंडांचा इंग्रजी ग्रंथ मिळविला होता. तो १९०९ मधील. त्यात नामदेवांची ती पदे इंग्रजीत वाचून त्यांनी आम्हांस विचारले की मराठी अभंगांतील नामदेव आणि या पदांतील नामदेव यांच्या बोलण्याचा ढंग थोडा निराळा का वाटतो? मंडळी, आम्ही दर आषाढी-कार्तिकीस नामदेव पायरीचे दर्शन घेणारे. परंतु त्यांची हिंदी पदे आम्ही एकदाही वाचली नव्हती. आमच्या घरच्या कवीची ओळख आम्हांस उत्तर ध्रुवाजवळच्या एका शिक्षकाने करून द्यावी! मग बारामतीहून, पुण्याहून पुस्तके मागविली, आणि पुढली पाच-सहा पत्रे त्याच एका विषयावर झाली.

तेव्हापासून या बाबतीत जगात पुष्कळ काम झाले आहे. १९८९ मध्ये बेल्जियमचे विनांद कॅलेवार्ट आणि आपल्याकडील मुकुंद लाठ या दोघांनी मिळून नामदेवांच्या हिंदी पदांची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. २००८ मध्ये अमेरिकेतील ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांच्या स्मृतीवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा आपल्यातील काही मंडळी तेथे गेलीही होती. आपल्या समाजमंदिराच्या कपाटात मात्र यांपैकी एकही पुस्तक नाही. या सभागृहातील एखादी मुलगी उद्या परदेशी मैत्रिणीस "आम्ही नामदेवांच्या समाजातील" असे लिहील, तेव्हा पलीकडून जे प्रश्न येतील त्यांची उत्तरे तिच्यापाशी असावीत की नाही?

मित्राचे २०१४ मध्ये निधन झाले. त्यांच्या कन्येने कळविले की आमची सर्व पत्रे त्यांनी वर्षांप्रमाणे बांधून ठेवली होती आणि ओव्यांची भाषांतरे निराळ्या पाकिटात होती. त्या मराठी ओळींचा अर्थ तिलाही हवा होता, म्हणून आता कधीमधी तिच्याशी लिहिणे होते. ते संगणकावरून, आमच्या नातवाच्या मदतीने.

येथे कोणी म्हणेल की पत्राचे युग संपले. हेही खरेच. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस घरोघर पत्रे वाटणे बंद केले. आपल्याकडे पोस्टमन अजून येतो, पण त्याच्या पिशवीत बँकेचे कागद आणि नोटिसा अधिक असतात. पत्र कागदावर असावे असा आमचा हट्ट नाही. मात्र ते सावकाश लिहिलेले असावे असा जरूर आहे. भ्रमणध्वनीवर परदेशच्या मुलास 'हाय' लिहिले, त्याने 'हाय' म्हटले, दोन चित्रे आली नि गेली, यास आम्ही मैत्री म्हणणार नाही. टपालाच्या पत्रास पंधरा दिवस लागतात आणि त्या पंधरा दिवसांत मनुष्य पुढे काय लिहावे याचा विचार करतो, हा त्याचा मोठा गुण. २००५ मध्ये एका पोर्तुगीज तरुणाने सुरू केलेल्या पोस्टक्रॉसिंग या उपक्रमातून आजही जगभरची माणसे एकमेकांस हाताने लिहिलेली कार्डे धाडतात. आरंभास तेही चांगले.

एका गोष्टीचा इशारा मात्र दिलाच पाहिजे, कारण आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांस यात मोठी झळ बसली. परदेशी मित्र किंवा मैत्रीण म्हणून कोणी गोड बोलू लागते, महिन्याभरात मौल्यवान भेट पाठविल्याचे सांगते, आणि मग दिल्लीहून कोणी फोन करते की तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक रक्कम भरा. अशी भेट नसते आणि असा मित्रही नसतो. जो पैशाचा विषय काढील त्याच्याशी लिहिणे त्याच क्षणी थांबवावे, आणि पैसे गेलेच असतील तर लाज न धरता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. खऱ्या पत्रमित्रास तुमच्याकडून शब्द हवे असतात, रक्कम नव्हे.

माता-भगिनींच्या मनातील शंकाही आम्ही जाणतो. मुलीने परक्या देशी पत्र लिहावे काय? म्हणून आम्ही मंडळापुढे अशी योजना ठेवली आहे की मुलींच्या मैत्रिणी मुलीच असाव्यात, पत्ता घरचा न देता समाजमंदिराचा द्यावा, छायाचित्र पाठवू नये, आणि पहिले वर्षभर आलेले पत्र आईसमोर उघडावे. आईस वाचता येत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचून अर्थ सांगावा. यात आईचीही करमणूक होईल. आमच्या एका विद्यार्थिनीस दहावीनंतर घरी बसविले, आज ती दोन मुलांची आई आहे, आणि परवा भेटली तेव्हा तिने प्रथम विचारले ते शाळेच्या ग्रंथालयाविषयी. अशा मुलींसाठीही हे दार उघडे असावे. यास वयाची अट आम्ही ठेवलेली नाही.

मित्र कोठून मिळवावेत? आरंभ आपल्याच भाषेपासून करता येईल. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे आणि तेथील अनेक गावी मराठी शाळा चालतात. त्या मुलांचे मराठी आपल्या मुलांच्या इंग्रजीइतकेच अडखळते. एकाने मराठीत लिहावे, दुसऱ्याने इंग्रजीत, आणि दोघांनी एकमेकांच्या चुका लाल शाईने नव्हे तर पेन्सिलीने दाखवाव्यात. मॉरिशस बेटावर १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या लोकांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज घराबाहेर क्रिओल व फ्रेंच बोलतात, पण मराठी नावे आणि सण त्यांनी जपले आहेत. ऊस म्हणजे काय हे बारामतीच्या पोरास त्यांस समजावून सांगावे लागणार नाही. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएल लोकांनी तर तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ही सारी आपलीच माणसे, जरा लांब राहावयास गेलेली. त्यांच्याशी हात बसला की मग फिनलंड काय आणि जपान काय.

पत्रात काय लिहावे असे मुले विचारतात. 'आय ॲम फाइन' हे लिहू नये. ते कोणीही लिहिते. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून आपल्या गावावरून पुढे काटेवाडीस जाते, तेथे परीटबांधव पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याने ते दहा वाक्यांत लिहावे. मेंढ्या पालखीभोवती का धावतात, असा उलट प्रश्न येईल, आणि मग घरी आजोबांस विचारावे लागेल. आपल्या धंद्यातील शब्दही लिहावेत. काज, टीप, तुरपाई, काखपट्टी यांस दुसऱ्या भाषेत काय म्हणतात हे विचारावे. तेथेही कोणाचे तरी वडील शिवणयंत्रावर बसलेले असतील.

खर्चाविषयी कोषाध्यक्षांच्या चेहऱ्यावर चिंता दिसते, म्हणून सांगतो. आज वाटलेली स्मृतिचिन्हे सोनेरी रंगाच्या प्लास्टिकची आहेत आणि गणपतीपर्यंत त्यांचा एखादा हात निखळेल. पुढील वर्षी ती निम्मी करावीत. त्या रकमेत बारा मुलामुलींची वर्षभराची परदेशी टपालतिकिटे, एक चांगला मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि नामदेवांविषयीचे वर सांगितलेले ग्रंथ यांचा खर्च भागेल असा आमचा हिशेब आहे. तो कागद आम्ही चिटणिसांकडे दिला आहे. आठवी ते बारावीच्या इच्छुकांनी, आणि घरी बसलेल्या भगिनींनीही, आपली नावे त्यांच्याकडेच नोंदवावीत. पहिली पत्रे ९ ऑक्टोबरला टाकावयाची आहेत.

आम्ही दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा समाजमंदिरात बसू. येताना वही आणि पेन्सिल आणावी, आणि घरात आजी असल्यास तिला विचारून चार ओव्या उतरवून आणाव्या. इंग्रजीचे काय ते आपण तेथे मिळून पाहू.